माझ्या रक्ताचं शून्य

मला सुईची भीती वाटते. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मी रक्तातला आजार ओळखणारं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत आहे असं कळलं की लोक माझ्याकडे आदराने बघायला लागतात आणि मग तो आदर उतरवण्यात फार वेळ जातो. माझी बायको दुबईतल्या बर दुबई भागात एका क्लिनिकमध्ये रक्त काढायचं काम करते. म्हणजे आमच्या घरात एक माणूस दिवसभर लोकांना सुया टोचतो आणि दुसरा नुसतं सुईचं नाव काढलं तरी घाम पुसतो. लग्न जमवताना दोन्हीकडच्यांनी पत्रिका पाहिल्या होत्या, एवढीच एक गोष्ट पाहायची राहिली.

मी मुळात केबलवाला. टीव्हीच्या केबलचा नव्हे, काचेच्या. दुबईत आलो तेव्हा देरा भागातल्या व्यापारी ऑफिसांमध्ये फायबर टाकायची कामं जोरात होती. केसाएवढी बारीक काचेची तार असते, तिच्यातून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशातून तुमचं इंटरनेट येतं. तारांची टोकं जोडायची आणि जोड नीट बसलाय का ते मीटरने तपासायचं, हे माझं काम. तपासण्याआधी एक चांगली, ओळखीची तार घ्यायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि मीटरला सांगायचं की हे तुझं शून्य. पुढची प्रत्येक तार त्या शून्याशी ताडून बघायची. आता ती पहिली तारच मळकी असली तर काय होतं? शून्यच चुकीच्या जागी बसतं. मग खराब तारा चांगल्या दिसतात, आणि चांगल्या तारा इतक्या चांगल्या दिसतात की जेवढा प्रकाश आत सोडला त्याहून जास्त बाहेर येतोय असं मीटर सांगायला लागतं. तसं जगात कुठेच होत नाही.

नवीन लागलेले टेक्निशियन ही चूक हमखास करायचे आणि मी त्यांना फैलावर घ्यायचो. "पहले रेफरन्स साफ करो! झीरो झूठा तो सब झूठा!" हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की मी ते घरीही वापरायला लागलो. मुलीला गणितात कमी मार्क पडले, आमटीत मीठ कमी पडलं, आपली टीम हरली, कुठेही ते चपखल बसायचं. मी तोंड उघडलं की मुलगी म्हणायची, "येस बाबा, रेफरन्स, आय नो," आणि कानाला हेडफोन लावायची. बायको काही म्हणायची नाही, पण तिला ते पाठ झालं होतं. हे मला नंतर कळलं.

वाकून वाकून केबल टाकल्याने माझी पाठ गेली. तेव्हापासून पाठीच्या गोळ्या माझ्या खिशात असतात, म्हणजे असायच्या. भारतातून येताना मी पट्ट्याच्या पट्ट्या घेऊन यायचो. सकाळी एक, दुपारी एक, आणि केवळ सवय म्हणून संध्याकाळी एक. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची कंबर धरली, कुणाचा गुडघा आखडला की मी खिशातून पट्टी काढून देत असे. खालचा दुकानवाला मला "डॉक्टरसाब" म्हणायचा. तो चेष्टा करत होता हे मला समजायला हवं होतं, पण मान सगळ्यांनाच हवा असतो. बायको चिडायची. मी तिला सांगायचो, "तू रक्त काढ, औषधाचं डिपार्टमेंट माझं."

पाठीमुळेच मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या या नव्या कंपनीत आलो. इथे वाकायचं नव्हतं. मालक लेबनॉनचा, बोलणं गोड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "यल्ला", म्हणजे चला. कल्पना अशी होती की जी काचेची तार इंटरनेट वाहते, तिनेच रक्तातला आजार ओळखायचा. तार मध्येच आचेवर धरून ओढायची, म्हणजे तिथे ती आणखी बारीक होते आणि आतला प्रकाश थोडासा बाहेर डोकावतो. त्या बारीक जागेवर एक खास लेप द्यायचा. किडन्या मंदावल्या की रक्तात एक प्रथिन वाढतं, नेमकं तेच प्रथिन हा लेप पकडून ठेवतो. पकडलं की बाहेर डोकावणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो आणि पडद्यावरची रेघ वर जाते. जेवढी रेघ वर, तेवढी किडनीची तब्येत खाली. या शहरात उन्हात राबणाऱ्यांच्या किडन्या काही न दुखता, न बोलता बिघडतात, म्हणून थेट कामाच्या जागेवर नेता येईल असं छोटं यंत्र करायचं होतं. तार ओढायचं काम माझं. लेप द्यायचं काम केरळच्या एका बायोकेमिस्ट बाईंचं. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात आणि आम्ही दोघं हिंदीत बोलतो, जी आमच्यापैकी कुणाचीच नाही.

या यंत्रालाही शून्य लागतं. निरोगी माणसाच्या रक्ताची एक रेघ आधी घ्यायची आणि बाकीच्यांची तिच्याशी ताडायची. त्यासाठी प्रमाणित नमुना परदेशातून मागवला होता. तो बर्फात येणार होता, आणि बर्फासकट कस्टम्समध्ये अडकून बसला. इकडे पैसे घालणारी मंडळी यंत्र बघायला येणार होती. मालक रोज विचारायचा, "हबीबी, जस्ट वन नॉर्मल पर्सन! इन दिस होल टॉवर, नो वन इज नॉर्मल?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

माझ्या डोक्यात माझ्या तब्येतीचं चित्र फार देखणं होतं. दारू नाही, सिगरेट नाही. संध्याकाळी ऑफिसखालच्या तळ्याला फेरी मारायचो. फेरीनंतर मलईदार कराक चहा आणि पराठा व्हायचा, पण तो फेरीत धरलेला नव्हता. आणि माझा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कित्येक वर्षांत मी डॉक्टरकडे गेलेलो नव्हतो. जायचं टाळत होतो हे खरं, पण ऐकताना ते तब्येतीसारखंच वाटतं. मॅडमनी एकदा विचारलं, "सर, रेग्युलर चेकअप किया है ना?" मी हसलो. रोज तीन गोळ्या खिशात घेऊन फिरणारा माणूस ज्या आत्मविश्वासाने हसू शकतो, तसा हसलो.

नमुने घ्यायचं काम आमच्या कंपनीने बायकोच्याच क्लिनिकला दिलेलं होतं. म्हणजे माझं रक्त तिनेच काढलं. तिने दंडाला रबर बांधलं आणि म्हणाली, "अहो, दुसरीकडे बघा." मी दुसरीकडे बघितलं, तिथे सुयांचा डबा होता. शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय उशीवर ठेवलेले होते आणि ती नळीवर पट्टी चिकटवत होती. पट्टीवर लिहिलं होतं, नॉर्मल. पुढे कितीतरी दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. बेशुद्ध पडलो तो भाग वगळून.

आता मेहुण्याबद्दल सांगायला हवं. बायकोचा धाकटा भाऊ साताऱ्याकडचा, इथे एका बांधकाम कंपनीत शटरिंगच्या कामावर. देऱ्यात एका खोलीत बरेच जण मिळून राहतात, तिथे त्याची कॉट. रविवारी सुट्टी असली की तो आमच्याकडे जेवायला यायचा, कोंबडीचा रस्सा ओरपायचा आणि जाताना माझ्याकडून पाठीच्या गोळ्यांची एक पट्टी न्यायचा. मीच द्यायचो. त्याचंही काम वाकायचंच होतं.

त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा फोरमन करणार होते. पार पश्चिमेला, वाळवंटात नवी साइट होती. इतकी वर्षं हातात हातोडी होती, आता वॉकीटॉकी येणार म्हणून तो खुशीत होता. पण त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि चपला काढल्या की पायावर पट्ट्यांचे वळ राहायचे. बायकोने ते बघितलं.

"अरे, पाय बघ कसे झालेत. जायच्या आधी डॉक्टरला दाखव."

"काय न्हाय गं ताई. गरमी हाय. अन् डॉक्टरनं काय काढलं म्हणजे? कंपनी म्हणंल, सिक आदमी, गो बॅक. गावाकडं जाऊन काय करू?"

"मग काय असेच पाय घेऊन जाणार?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी कला. मी म्हणालो, "अगं, डॉक्टर कशाला? आमच्याकडे व्हॉलंटिअर लागतातच. याचं एक सॅम्पल दे. आमची फायबर त्या डॉक्टरच्या आधी सांगेल." मग मी त्याला यंत्राची किंमत सांगितली, आधी दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत करून, कारण दिरहॅममध्ये ऐकून कुणी पुरेसं दचकत नाही. तो दचकला. बायको माझ्याकडे बघत राहिली, पण भाऊ निदान रक्त द्यायला तयार झाला म्हणून तिनेही जास्त ताणलं नाही.

त्याचा नमुना मी स्वतः यंत्राला लावला. पडद्यावर त्याची रेघ माझ्या रेघेवर अशी जाऊन बसली की दोन रेघा आहेत हेच कळेना. शून्य. व्हॉलंटिअरला निकाल सांगायचा नाही असा आमचा नियम होता. मी लगेच फोन लावला.

"अरे, हंड्रेड पर्सेंट नॉर्मल! झीरो! अगदी माझ्यासारखा आहेस तू."

"खरं दाजी? मग ताईला तेवढं सांगा. लई मागं लागलीय."

"सांगतो. तू बिनधास्त जा."

तो बिनधास्त गेला. निघायच्या आदल्या दिवशी बायकोने बेसनाचे लाडू दिले आणि मी गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या, या वेळी जास्त, कारण तिकडे मी नव्हतो. उन्हात कंबर धरली तर दोन घे, तीन घेतल्यास तरी बिघडत नाही, असा सल्लाही दिला. त्याने पट्ट्या शर्टाच्या खिशात नीट ठेवल्या.

इकडे लॅबमध्ये एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आम्ही आणखी काही जणांचे नमुने लावले. मॅडमचा, मालकाचा, रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीचा, माझ्या बायकोचा. सगळ्यांच्या रेघा शून्याच्या खाली. थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या खाली. मॅडम पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सर, ये मायनस कैसे? नॉर्मल से भी कम?"

"एसी," मी म्हणालो.

काचेची तार हवामानाला फार हळवी असते हे खरं आहे. एखादा अंश इकडे तिकडे झाला तरी रेघ सरकते. म्हणून मी एसीची दिशा बदलली. मग तारेसाठी थर्माकोलचा डबा केला. त्यावर घरून आणलेली शाल गुंडाळली. बायकोची शाल, तिला न विचारता. रेघा खालीच. मग मी मेट्रोच्या थरथराटावर संशय घेतला आणि अख्खं टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीकडे हलवलं. ते हलवताना पाठीत चमक भरली, म्हणून एक गोळी जास्त घेतली. इतके उद्योग केले, पण जी तार मळकी असली की असंच होतं असं मी उभं आयुष्य लोकांना ओरडून सांगत आलो, तिचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाणाला निदान पाठदुखी नसते एवढाच फरक.

शेवटी मी एक शोध लावला. आमचं यंत्र इतकं तल्लख आहे की ते निरोगी माणसांतले जास्त निरोगी वेगळे काढतं! मालकाला हे बेहद्द आवडलं. "सुपर हेल्दी! यल्ला, पुट इट इन द प्रेझेंटेशन!" मॅडमना आवडलं नाही. त्या म्हणाल्या, प्रमाणित नमुना येईपर्यंत थांबू. मी मनात म्हटलं, बाई जरा शंकेखोरच आहेत.

एका शुक्रवारी दुपारी बायको भाकरी थापत होती आणि मी ओट्याला टेकून तिला ही बातमी सांगत होतो.

"तुझं रक्त नॉर्मलपेक्षाही चांगलं निघालं. शून्याच्या खूप खाली. आमच्या ऑफिसात सगळेच खाली आहेत."

"सगळेच?"

"सगळेच. यंत्रच तसं केलंय."

तिचे हात परातीत थांबले. "शून्य कोणाचं?"

"म्हणजे काय? माझं!"

तव्यावर भाकरी होती, तिने गॅस बंद केला. मग पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळली.

"त्याचं शून्यच आलं होतं ना?"

मला पहिल्यांदा वाटलं ती काहीतरी तांत्रिक विचारते आहे. मी म्हणालो, "हो, एकदम बरोबर शून्य, एसीमुळे बाकीच्यांचं जरा..."

"अहो, एसी नाही. झीरो झूठा तो सब झूठा. मीठ कमी पडलं की मला ऐकवता ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो माझ्यावर नव्हे, मेहुण्यावर. सुजलेला चेहरा. चपलांचे वळ. अगदी माझ्यासारखा आहेस तू. ती भावाला फोन लावत होती आणि पलीकडे नुसती रिंग वाजत होती, साइटवर फोन जवळ ठेवू देत नाहीत. फोनच्या काचेवर तिच्या बोटांचं पीठ लागलं होतं. मी तिथेच उभा होतो. मला काय वाटलं ते सांगतो, फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

तिने मला तसंच क्लिनिकला नेलं. साधी तपासणी, कोपऱ्यात पडलेल्या जुन्या मशीनवर होते ती. तिने सुई काढली आणि मी सुईकडे बघत राहिलो. चक्कर आली नाही, भीतीला त्या दिवशी दुसरं काम लागलं होतं. तिने दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर घेतलं, आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. थोड्या वेळाने रिपोर्ट आला. तो तिने मला दाखवण्याआधी दोनदा वाचला. आमच्या प्रेझेंटेशनमधला नॉर्मल माणूस किडनीचा पेशंट होता, आणि तो बरेच दिवसांपासून असावा.

"आधी त्याला आणायचं," ती म्हणाली. "तुमचं नंतर बघते."

रात्रीही त्याचा फोन लागला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अबूधाबी मागे पडल्यावर रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना वाळू, विजेचे खांब, मधूनच एखादा पेट्रोल पंप. मी एकदा एसी वाढवू का विचारलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी हा शब्द काही दिवस न वापरायचं ठरवलं.

पोचलो तेव्हा दुपारची सक्तीची सुट्टी चालू होती. उन्हाळ्यात त्या वेळात उघड्यावर काम करायला बंदी असते. पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली माणसं आडवी झाली होती. मेहुणा एका टोकाला भिंतीला टेकून बसला होता, बूट काढून. पाय आधीपेक्षा वाईट दिसत होते. आम्हाला बघून तो ताडकन उठला आणि त्याचा चेहरा उतरला.

"गावाकडं काय झालं? आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी आहे," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे पुढचं मी बोलायचं होतं.

सगळी शेड ऐकत होती. मी म्हणालो, "अरे, तुझं शून्य आलं होतं ना, ते माझ्याशी ताडलं होतं. आणि मीच... माझीच किडनी खराब निघाली. मी म्हणालो होतो तू माझ्यासारखा आहेस. तर तसाच आहेस. चल आमच्याबरोबर."

मला वाटलं तो भडकेल. नुकती मिळालेली फोरमनकी, त्यात मधेच काम टाकून जायचं, तेही दाजींच्या गाढवपणामुळे. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो.

"दाजी, मग तुम्ही एवढी गाडी चालवत कशाला आला? तुम्हाला बरं न्हाय. चावी द्या इकडं, मी चालवतो."

आणि सुजलेल्या पायात बूट घालायला लागला. बूट जात नव्हता. तो ओढत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. बायकोने माझ्या हातातून चावी घेतली. "दोघंही मागे बसा," ती म्हणाली. येताना तिनेच गाडी चालवली. आम्ही मागच्या सीटवर पाण्याची एकेक बाटली धरून बसलो होतो आणि ती आरशातून बघत होती कोण पितो आणि कोण नाही.

डॉक्टरांनी दोघांनाही एकदमच आत घेतलं, कदाचित वेळ वाचवायला. त्याचा रिपोर्ट आला होता, तो माझ्यापेक्षा फार वेगळा नव्हता. "कोई पेनकिलर लेते हो?" त्यांनी विचारलं. मी खिशात हात घातला. त्यानेही घातला. टेबलावर दोन पट्ट्या आल्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. डॉक्टरांनी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"ये किसने दिया?"

"मेडिकल से लिया, साब," मेहुणा छताकडे बघत म्हणाला.

बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "मैंने दिया."

डॉक्टर बराच वेळ बोलले. या गोळ्या, वर ऊन, आणि पाणी कमी, असं तिन्ही एकत्र झालं की किडनीचं काय होतं ते त्यांनी सांगितलं. तो तरुण आहे, आत्ताच थांबलं तर त्याची बहुतेक पूर्ववत होईल, इन्शाल्ला. तुमची मात्र ब्लड प्रेशरने आणि गोळ्यांनी सावकाश झिजली आहे, ती इथेच रोखून धरायची. पूर्ववत व्हायचं नाव त्यांनी काढलं नाही. बाहेर आल्यावर मी दोन्ही पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. घरी कपाटात किती आहेत हे बायकोने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. संध्याकाळी कपाट रिकामं होतं.

मेहुण्याच्या कंपनीने त्याला गावी पाठवलं नाही, सिक लीव्ह दिली. तो आमच्या सोफ्यावर राहायला आला. मग आमच्या घरात मिठाशिवाय रस्सा सुरू झाला. दोन पुरुष समोरासमोर बसून पाणचट आमटी पितायत आणि लोणच्याच्या बरणीला कुलूप, असे ते दिवस. मुलगी म्हणायची, "मामा, ब्लिंक इफ यू नीड सॉल्ट." तो डोळे मिचकावायचा. बायको हसायची नाही. ती रोज सकाळी त्याच्या पायावर अंगठा दाबून खळगा पडतो का बघायची आणि कामाला जायची. मी फोरमनकीबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, "बघू की दाजी." तेवढ्यावरून कळायचं की तो दुसरा कसलाच विचार करत नाहीये.

लॅबमध्ये मी सगळं सांगितलं. मालकाने डोकं धरलं, मग प्रेझेंटेशनमधून सुपर हेल्दी काढून टाकलं. मॅडमनी थर्माकोलच्या डब्यावरची शाल घडी करून माझ्या हातात दिली. यंत्र पहिल्यापासून बरोबर सांगत होतं. त्याने एक आजारी माणूस ओळखला होता, मीच त्याला शून्य म्हणत होतो. आता माझ्या नळीवरची पट्टी बदलली आहे. मी आमच्या कंपनीचा पहिला खात्रीशीर रुग्ण आहे, आणि तसा बराच उपयोगी पडतो.

शेवटी बर्फातला नमुना आला. मॅडमनी खरं शून्य लावलं. मेहुण्याचं ताजं रक्त त्याच सकाळी बायकोने काढून पाठवलं होतं, माझंही. क्लिनिकचा साधा रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता. मॅडम म्हणाल्या, "सर, आप लगाइए." मी आधी तारेचं टोक पुसलं. मग पुन्हा पुसलं. माझी रेघ वर चढली आणि तिथेच थांबली. मग त्याची लावली. ती जराशी हलली, खाली आली आणि शून्यावर टेकली.

व्हॉलंटिअरला निकाल सांगायचा नाही हा नियम मला या वेळी आठवला. मी त्याला फोन केला नाही. बायकोला केला.

"तुझा भाऊ शून्यावर आलाय. संध्याकाळचा रिपोर्ट येऊ दे, पण आलाय."

मग तिने विचारलं, "शून्य कोणाचं?"

"माझं नाही," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. माझा रिपोर्ट वाचताना नाही, वाळवंटात नाही, डॉक्टरसमोर नाही. आता क्लिनिकमध्ये, कुणाच्या तरी दंडाला रबर बांधलेलं असताना ती रडायला लागली. एक बाई विचारत होती, "सिस्टर, आर यू ओके?"

"आणि तुम्ही?" बायकोने मला विचारलं.

"मी आहे तिथेच आहे. थोडा वर."

"घरी या लवकर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी पडद्यासमोर बसून राहिलो. दोन रेघा होत्या, त्याची खाली, माझी वर. सासरच्या माणसापेक्षा आपण वाईट ठरलो याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.